लॉन काढून देशी फुलांची बाग: दख्खनच्या हवामानात पहिलं वर्ष कसं काढायचं

पुणे, नाशिक, सातारा, सोलापूर या पट्ट्यात बंगला किंवा रो-हाउस बांधून झालं की पुढच्या मोकळ्या जागेत लॉन टाकायचं, हे जणू ठरूनच गेलंय. ट्रकभर लाल माती येते, मुरमावर तिचा थर पसरतो, त्यावर मेक्सिकन किंवा सिलेक्शन वन जातीचं गवत बसतं आणि माळी मशीन फिरवायला लागतो. मे महिन्यात या गवताला किती पाणी लागतं याचा हिशेब कुणालाही करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. रोज ५ मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर ४६५ लिटर. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत एवढं पाणी पिणाऱ्या या गवताला वर्षभर फुलावर मात्र येऊ दिलं जात नाही. तिथे मधमाशी कशाला उतरेल?

इथे दिलेली पद्धत कमी ते मध्यम पावसाच्या पठारी भागासाठी आहे, म्हणजे पुण्यासारखा वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोरडा हिवाळा आणि तापणारा उन्हाळा. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर कामाचा क्रम हाच ठेवा, पण झाडं तुमच्या भागातली निवडा. परदेशातल्या मराठी घरांना तर ही झाडांची यादी उपयोगाचीच नाही. तिथे तिथली देशी झाडं शोधायची.

सगळं लॉन एकदम काढू नका

सुरुवातीला १० फूट बाय १० फुटांचा तुकडा पुरे. नव्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात तण काढायचं काम जितकं झेपतं, तितकीच जागा मोकळी करावी. उरलेलं लॉन पोरांना खेळायला, खुर्च्या टाकायला असू द्या.

जागा निवडताना ऊन बघा. किमान पाच-सहा तास थेट ऊन पडतं तिथे फुलंही जास्त येतात आणि फुलपाखरंही, कारण त्यांना उडण्याआधी अंग तापवावं लागतं. कुंपणाच्या आडोशाला वारा अडत असेल तर उत्तमच. सावलीचा कोपराच वाट्याला आला असेल तरी हरकत नाही, त्याची झाडं वेगळी, पुढे येतीलच.

एप्रिल-मे: गवत खरोखर मारा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. मेक्सिकन लॉन त्यातल्या त्यात सोपं: मुळं वरच्या थरातच असतात, फावड्याने पट्ट्या कापून सतरंजीसारखं गुंडाळता येतं. सिलेक्शन वन मात्र हरळीच्या जातीतलं. तिची मुळी खोल जाते, पेरापेरांवर फुटते आणि बोटभर तुकडा मातीत राहिला तरी जुलैपर्यंत पुन्हा वाफा व्यापते. चिवट वंशाला हरळीची मुळी म्हणायची पद्धत आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

पुठ्ठे अंथरून वर माती टाकायची युक्ती इंटरनेटवर सगळीकडे सांगतात. थंड देशांतल्या गवतावर ती चालत असेल. हरळी पुठ्ठ्याच्या फटीतून, कडेने, मिळेल तिथून वर येते. आपल्याकडचा शेतकरी उन्हाळी नांगरट करून रान तापत ठेवतो, तेच छोट्या प्रमाणात करायचं.

गवत अगदी बुडापासून कापा. जमिनीला पाणी देऊन दोन दिवस थांबा, म्हणजे कुदळ सहज लागेल. मग सहा ते नऊ इंच खोल खणून ढेकळं उलटी करा आणि पांढरट मुळ्या हाताने वेचा. ढेकळं आठ-दहा दिवस उन्हात पडू द्या, पुन्हा एकदा परता, पुन्हा वेचा. वेचलेल्या मुळ्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे त्या आनंदाने फुटतात. गच्चीवर वाळवून काडी लावा.

त्यानंतर माती सारखी करून भरपूर पाणी द्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा. काळं नको. पारदर्शक कागदातून ऊन आत शिरतं आणि ओली माती जास्त तापते. चारी कडा चर काढून मातीत गाडा, वाफ बाहेर पडता कामा नये. चार ते सहा आठवडे हे तसंच ठेवायचं. यात वरच्या थरातल्या तणांचं बरंचसं बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र याला दाद देत नाहीत. त्या पावसाळ्यात खुरप्याने मुळापासून काढत राहायच्या, दुसरा उपाय नाही. तणनाशकाचा मोह टाळा. ज्या मातीत उद्या मधमाश्या बिळं करणार तिथे आज विष कशाला?

उरलेलं लॉन आणि नवा वाफा यांच्यामध्ये नऊ इंच खोल विटांची उभी ओळ घालायला विसरू नका. नाहीतर शेजारची हरळी एका पावसात आत शिरते.

काय लावायचं

गणपतीच्या पत्रीची यादी घेऊन बसलात तर बागेची सुरुवात तिथेच होते. आघाडा, माका, डोरली, रुई, तुळस, बेल, कण्हेर ही सगळी आपल्या हवामानाला सरावलेली झाडं आहेत आणि प्रत्येकावर कुणी ना कुणी येतं. तरी अंगणातल्या एका वाफ्यासाठी मी काही झाडं आवर्जून सांगेन.

पहिलं तरवड. माळरानावर, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांनी लगडलेलं हे झुडूप नर्सरीवाले विकत नाहीत, कारण कुणी मागत नाही. पाणी जवळजवळ लागत नाही आणि वर्षातले बरेच महिने फुलं असतात. सकाळी त्याच्याजवळ उभं राहून बघा. तरवडाचे परागकोश उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. काळा भुंगा परागकोशाला कवटाळतो आणि पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवतो. त्याचा गुंजारव एकदम वरच्या पट्टीत जातो आणि परागांचा धुरळा त्याच्या पोटावर उडतो. मधमाशीला हे जमत नाही. वांगी, डोरली यांचे परागकोशही असेच छिद्रांचे, त्यामुळे तरवडावर भुंगे येऊ लागले की परसातल्या वांग्यांनाही फायदा. शिवाय पिवळसर-पांढरी भटकी फुलपाखरं तरवडाच्या पानांवर अंडी घालतात, म्हणजे एकाच झुडपात जेवणघर आणि बाळंतघर दोन्ही.

दुसरं, लिंबूवर्गातलं काहीतरी: कढीपत्ता, लिंबू किंवा बेल. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेली निळी-काळी राणी पाकोळी याच वर्गाच्या झाडांवर वाढते. ती तुमच्याकडे येईलच असं नाही, सह्याद्रीच्या जवळ राहणाऱ्यांना ती जास्त दिसते. पण लिंबावरचं पिवळं-काळं फुलपाखरू सोलापुरातसुद्धा येतं.

तिसरी रुई. हिच्यावर केशरी-काळं टायगर फुलपाखरू वाढतं आणि फुलांवर मोठे भुंगे येतात. चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती वाटेच्या कडेला न लावता मागच्या कोपऱ्यात लावा. नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू मिळतं आणि टायगर त्यावरही अंडी घालतं, पण ते अमेरिकेतून आलेलं आहे. दारात रुई असताना त्याची गरज नाही.

बाकीची जरा भराभर सांगतो. कुंपणाला निर्गुडी: छाटणी सोसते, जांभळट तुरे येतात, मधमाश्या दिवसभर त्यावर. मधल्या रांगेत पिवळी कोरांटी. काटेरी आहे, पण पाऊस सरल्यावर ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते आणि तिच्या पानांवर छोटी पॅन्सी फुलपाखरं वाढतात. तिच्याशेजारी खुळखुळा: वाळत आलेल्या खुळखुळ्याला टायगर जातीचे नर चिकटून बसतात, त्यातली कडू द्रव्यं त्यांना मादीला आकर्षून घेणारा गंध बनवायला लागतात. पुढच्या रांगेत तुळशी, एक-दोन नाही, पाच-सात, आणि त्यांच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत. पोटावर निळसर पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी मंजिऱ्यांवर झपझप फिरताना दिसली तर ती ब्ल्यू बँडेड बी. पावसाळ्यासाठी तेरडा, जागा असेल तर धायटी. तिची लाल फुलं जानेवारीनंतर येतात, तेव्हा शिंजीर पक्षीही हजेरी लावतो. कळलावी देखणी आहे, पण तिचा कंद जहाल विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर ती सोडून द्या.

सावलीच्या कोपऱ्यात अडुळसा आणि दशमुळी. दोन्ही थंडीत आणि थंडी सरताना फुलतात.

एक-दोन झुडपांमध्ये मारवेलसारख्या देशी गवताचे ठोंब ठेवा आणि ते कापू नका. संध्याकाळी पायाशी भिरभिरणारी तपकिरी फुलपाखरं गवतावरच वाढतात.

यादीतून निवडताना दोन गोष्टी सांभाळा. एकेक झाड वीस जातींचं लावण्यापेक्षा पाच-सहा जाती घेऊन त्यांचे पुंजके करा, कारण मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं धरते. आणि वर्षाचा कुठलाही महिना रिकामा जात नाही ना ते बघा. सगळ्यात अडचणीचे एप्रिल-मे. तेव्हा झुडपं थकलेली असतात आणि माश्यांची भिस्त करंज, कडुनिंब, बहावा यांसारख्या झाडांवर असते. कुंपणाबाहेर यातलं एखादं असेल तर सोसायटीला ते तोडू देऊ नका.

रोपं कुठून आणायची

वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका आधी बघा. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे निर्गुडी, अडुळसा, बेल, करंज, बहावा स्वस्तात मिळतात. तरवड, खुळखुळा यांचं बी हिवाळ्यात रस्त्याकडेला सुकलेल्या शेंगांमधून गोळा करता येतं. तेरड्याचं मात्र पाऊस सरतानाच गोळा करावं लागतं, कारण त्याच्या शेंगा पिकल्या की फुटून बी उडतं. कास पठारावरून किंवा कुठल्याही अभयारण्यातून मात्र एक काडीही उचलायची नाही. तो कायद्याचा भंग आहेच, शिवाय सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळावरच्या, पातळ मातीत वाढणारी ती झाडं तुमच्या लाल मातीत जगत नाहीत.

नर्सरीतून घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: यावर शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली? इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसात मुरतात आणि तिथून मधात-परागांत उतरतात. पानं चकाचक, एकही भोक नाही, अशा रोपाकडे संशयाने बघायला शिका. ‘बटरफ्लाय गार्डन’ म्हणून तयार संच विकतात त्यात बहुधा घाणेरीच्या रंगीत जाती घातलेल्या असतात. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं, पण तिचं बी पक्षी टेकड्यांवर नेतात आणि तिथे ती दुसरं काही उगवू देत नाही. पिवळ्या कॉसमॉसचंही तेच. झेंडू मुळात मेक्सिकोकडचा असला तरी तो पसरत नाही, दसऱ्यापुरता खुशाल लावा. फक्त डबल पाकळ्यांच्या गेंदापेक्षा एकेरी फुलाचा घ्या, त्यात माशीला तोंड तरी घालता येतं.

जून-जुलै: लागवड

दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की लावायला घ्या. वळवाच्या पहिल्या सरीला भुलू नका, मध्ये पंधरा दिवसांची उघडीप आली की रोपं माना टाकतात.

झुडपांसाठी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झुडपांत चार-पाच फूट अंतर. छोट्या झाडांत एक-दीड फूट. सुरुवातीला जागा उघडीबोडकी दिसेल, दिसू द्या. शेणखत मूठभर पुरे. ही माळरानाची झाडं आहेत, खत जास्त झालं की पाला माजतो, फुलं कमी होतात आणि तणांचं मात्र फावतं.

तरवड आणि खुळखुळ्याच्या बियांचं कवच टणक असतं. ते पॉलिश पेपरवर हलकं घासून बी रात्रभर पाण्यात ठेवा, मग पेरा. तेरड्याचं बी नुसतं विखुरलं तरी चालतं, आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच उगवतं.

जुलै ते सप्टेंबर: तण

या तीन महिन्यांत दर आठवड्याला तास-दीड तास खुरपं घेऊन बसायची तयारी हवी. पहिल्या वर्षी माळ्याच्या भरवशावर सोडू नका. तो सवयीने तेरडाही उपटेल आणि तरवडाचं दोन इंची रोपही.

गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. हरळीचं टोक दिसलं की ओढायचं नाही, तुटतं, खालून उकरायचं. घोळ आपोआप आली तर राहू द्या, भाजीलाही होते आणि एग-फ्लाय फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. एकदांडी, म्हणजे दगडीपाला, अमेरिकेतून आलेलं तण आहे, पण छोट्या फुलपाखरांचा तिच्यावर बारमाही राबता असतो. मी ती लावत नाही आणि कडेला उगवली तर तिच्यामागे लागतही नाही. जे ओळखता येत नाही ते फुलेपर्यंत थांबा, फुलाचा फोटो काढा, मग ठरवा.

माश्यांना घर

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं: आग्या, सातेरी, फुलोरी. पण बहुतेक रानमाश्या एकट्या राहतात आणि त्यातल्या पुष्कळ जमिनीत बीळ करतात. म्हणून वाफ्यात उन्हाकडच्या बाजूला दोन फूट जागा उघडी ठेवा. पालापाचोळा नाही, फरशी नाही, खडीही नाही. पेन्सिल जाईल एवढं भोक आणि भोवती बारीक मातीची कड दिसली तर पाणी मारू नका. निळ्या पट्ट्यांची माशी जुन्या मातीच्या भिंतीत राहते, तेव्हा मागचं पडकं कुंपण पाडायची घाई नको. भुंग्याला वाळलेलं लाकूड किंवा बांबू लागतो.

गुलाबाच्या पानाची कड कुणीतरी कंपासने कापल्यासारखी गोल कापून नेलेली दिसली, तर ती पानकापी माशी आहे. ती पानाचे तुकडे नेऊन पोकळ काडीत पिलांसाठी कप्पे करते. एका बाजूने पेर बंद असलेल्या बांबूच्या बारीक काड्यांची जुडी, छपराखाली, पूर्वेकडे तोंड करून बांधली की ती वापरते.

फुलोरी माशीचं हाताच्या पंजाएवढं पोळं झुडपात लागलं तर लागू द्या. ती सहसा त्रास देत नाही. धूर करून काढायला कुणाला बोलावू नका.

पानं खाल्ली जातील

सप्टेंबरच्या सुमारास घरातलं कुणीतरी येऊन सांगतं की लिंबाला कीड लागली. जवळ जाऊन बघितलं तर पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं. तीच अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोटाने हलकं टोचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं लालसर शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास असतो. तिच्यासाठीच तर झाड लावलं होतं. नीमअर्कसुद्धा फवारायचा नाही. झाड अगदीच लहान असेल तर काही अळ्या अलगद कढीपत्त्यावर हलवा, त्या तिथेही जेवतात. रुई पूर्ण निष्पर्ण झाली तरी महिन्याभरात फुटते.

सोसायटीची डासांची धुरळणी हा खरा शत्रू. ती थांबवता येणं कठीण, पण तुमच्या वाफ्यापासून लांब आणि संध्याकाळी उशिरा करायला सांगता येतं. वाळवीवाल्याने अंगणात औषध ओतायचं सुचवलं तर घराच्या पायापुरतं मर्यादित ठेवायला लावा.

शेजारी, साप आणि डास

‘काय रान माजवलंय’ हे ऐकावं लागणारच. वाफ्याच्या भोवती फूटभर रुंदीची कापलेल्या गवताची किंवा विटांची नीट कड ठेवली की तीच झुडपं ‘बाग’ दिसायला लागतात. गेटजवळ झाडांच्या नावांची छोटी पाटी लावा. मुलं वाचतात, मग त्यांचे आजी-आजोबा थांबतात.

सापांची भीती अनाठायी नाही. साप उंदीर-बेडकांमागे येतो, फुलांमागे नाही. पण दाट गवतात घोणस दिसत नाही, हेही खरं. म्हणून घराच्या भिंतीपासून तीन फूट जागा मोकळी, दाराजवळ विटांचे-लाकडांचे ढीग नकोत, पक्ष्यांचं धान्य जमिनीवर सांडायला नको आणि रात्री बॅटरीशिवाय वाफ्यात पाय नको. दाट ठोंब कुंपणाकडे, खुरटी झाडं घराकडे.

माश्यांना पाणी ठेवायचं तर उथळ थाळीत खडे घालून ठेवा आणि रोज बदला. डेंग्यूच्या काळात हे चुकवू नका.

ऑक्टोबरनंतर

तेरडा वाळेल, तरवडाच्या शेंगा तपकिरी होतील, बाग जुनाट दिसायला लागेल. दिवाळीच्या साफसफाईत इथे कोयता घालायचा नाही. बी पडू द्या. डिसेंबर-जानेवारीत निम्मा भाग कापा, निम्मा तसाच ठेवा. काड्या जमिनीपासून फूटभर ठेवून कापा, त्यांच्या पोकळीत माश्या असतात. पालापाचोळा जाळू नका, त्यात कोष असतात.

पहिल्या उन्हाळ्यात झुडपांना आठवड्याला एकदा मुळाशी भरपूर पाणी, संध्याकाळी. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरतं, त्यानंतर तरवड आणि निर्गुडी पाणी मागत नाहीत. जानेवारीत गोळा केलेलं बी कागदी पिशवीत नाव-तारीख लिहून ठेवा. एप्रिलमध्ये तोच प्लास्टिकचा कागद शेजारच्या दहा बाय दहावर अंथरायचा आहे, फाटला असेल तर चिकटपट्टी लावून.